श्वास घ्यायला जागा

ते दोन स्वल्पविराम मी घातलेले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण सूचनेखाली सही माझी होती आणि परवा रात्री उशिरापर्यंत लोक फोन करून मलाच विचारत होते, ‘मॅडम, मी तर फॉर्म भरलाय, मग माझा पगार का अडकला?’

मी लिहिलेलं वाक्य असं होतं: ‘एम्प्लॉयीज हू हॅव नॉट सबमिटेड द फॉर्म विल बी पेड लेट.’ म्हणजे ज्यांनी फॉर्म दिला नाही, त्यांचा पगार उशिरा. बाकीच्यांनी खुशाल झोपावं. पण सूचना बाहेर पडली तेव्हा ‘एम्प्लॉयीज’नंतर एक आणि ‘फॉर्म’नंतर एक असे दोन स्वल्पविराम तिच्यात येऊन बसले होते. तेवढ्याने अर्थ असा झाला की इथल्या एकाही कर्मचाऱ्याने फॉर्म दिलेला नाही आणि आता सगळ्यांचाच पगार लांबणार.

हे ज्यांनी केलं, ते गृहस्थ आमच्या विभागाचेही नाहीत. स्वतःचा कागद घ्यायला प्रिंटरपाशी आले होते. हातात माझा कागद आला. खिशाला लाल पेन कायम असतंच.

“मॅडम, एक सांगू का? राग मानू नका.”

ज्या बोलण्याची सुरुवात अशी होते, ते राग आणूनच संपतं. तरी मी म्हटलं, “सांगा.”

“हे वाक्य जरा मोठ्याने वाचा.”

मी वाचलं.

“दमलात ना?”

“नाही.”

“मी दमलो. अहो, माणसाने मध्ये श्वास कुठे घ्यायचा?” आणि त्यांनी प्रात्यक्षिकच सुरू केलं. ‘एम्प्लॉयीज’ म्हणाले आणि थांबले. छाती फुगली, चष्मा कपाळावर गेला, डोळे मिटले. पलीकडच्या टेबलावरचा मुलगा पाणी आणू का म्हणून उठायला लागला. मग एका दमात ‘हू हॅव नॉट सबमिटेड द फॉर्म’, पुन्हा थांबा, पुन्हा छाती. “विल, बी, पेड, लेट,” प्रत्येक शब्दाला मानेचा एक झटका. “बघा! कसं भारदस्त झालं!”

“पण अर्थ बदलला.”

“अर्थ कसा बदलेल? शब्द तेच आहेत की.”

मी समजावायला गेले. म्हटलं, ‘हू’पासून सुरू होणारं उपवाक्य दोन प्रकारची कामं करतं. स्वल्पविराम नसले, तर ते निवड करतं. सगळ्यांतले नेमके कोण, ते सांगतं. दोन स्वल्पविरामांच्या मध्ये बसलं, तर ती नुसती जादा माहिती होते. ती उचलून बाजूला ठेवली तरी मूळ वाक्य उभं राहायला हवं. “आता तुमच्या वाक्यातून मधला भाग काढा. काय उरतं? एम्प्लॉयीज विल बी पेड लेट. सगळेच!”

“पण काढायचाच कशाला? राहू द्या की.”

मग मी मराठीकडे वळले. आपल्याकडे हा घोटाळा फारसा होत नाही, कारण ‘जो’ कुठे बसतो त्यावरून कळतं. “असं बघा, ‘माझा भाऊ, जो परदेशात असतो, उद्या येतोय’ म्हटलं की भाऊ ठरलेला आहे, परदेशाचं आपलं जाता जाता सांगितलं. पण ‘माझा जो भाऊ परदेशात असतो, तो उद्या येतोय’ म्हटलं की आणखी भाऊ आहेत आणि त्यांच्यातला नेमका हा.”

त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं. मान हलवली. मला वाटलं, पोचलं.

“तुम्हाला भाऊ किती?”

“एकही नाही.”

“मग दोन्ही वाक्यं खोटी!”

नेमके तेव्हाच साहेब तिथून चालले होते. काय चाललंय म्हणाले. गृहस्थांनी कागद पुढे केला. “काही नाही साहेब, मॅडमचं इंग्रजी जरा सरळ करत होतो.” साहेबांनी कागदावर नजर टाकली, ‘हां, आता वाचायला बरं वाटतंय’ म्हणाले आणि पुढे गेले. ‘आता’ म्हणाले. फोनांचं मला एवढं काही वाटलं नाही, पण तो ‘आता’ अजून खुपतोय.

गृहस्थांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. त्यांच्या सिद्धान्ताला वंशावळ आहे. इसवी सनापूर्वी 200च्या सुमाराला अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात बिझँटियमचा अरिस्टोफेनीस नावाचा ग्रंथपाल होता. त्याने मजकूर मोठ्याने वाचणाऱ्यांसाठी वेगवेगळ्या उंचीवर ठिपके द्यायची पद्धत काढली. कुठे थोडं थांबायचं, कुठे जास्त, हे ठिपक्यावरून समजे. म्हणजे विरामचिन्हं मुळात थांबण्यासाठीच होती. गृहस्थ चुकलेले नाहीत, सुमारे बावीसशे वर्षं उशिरा जन्माला आलेत. आज पगाराची सूचना कोणी चौकात उभं राहून गात नाही. ती मुकाट्याने वाचतात आणि मग मला फोन करतात.

गृहस्थ गेले की संगणक सुरू होतो. मी ‘द फाइल विच आय सेंट यू’ लिहिलं की ‘विच’खाली निळी नागमोडी रेघ. इथे ‘दॅट’ हवं म्हणे. हा हट्ट पसरला तो फाउलर नावाच्या इंग्रज कोशकारामुळे. 1926 साली आलेल्या त्याच्या वापरकोशात, म्हणजे कुठला शब्द कसा वापरावा ते सांगणाऱ्या कोशात, त्याने सुचवलं होतं की निवड करायची तिथे ‘दॅट’ आणि जादा माहिती द्यायची तिथे ‘विच’ ठेवलं तर लिहिणं स्वच्छ होईल. बिचाऱ्याने तिथेच हेही कबूल केलं होतं की बहुतेक लोक असं लिहीत नाहीत आणि उत्तम लेखकही लिहीत नाहीत. पुढे विशेषतः अमेरिकेतल्या संपादकांनी सूचना उचलली, कबुली तिथेच ठेवली आणि त्याचा नियम करून टाकला. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर 8 डिसेंबर 1941 रोजी अध्यक्ष रूझवेल्ट अमेरिकेच्या संसदेत बोलले, तेव्हा ‘अ डेट विच विल लिव्ह इन इन्फमी’ म्हणाले, म्हणजे कायमची बदनाम राहील अशी तारीख. टंकलिखित मसुद्यात ‘इन्फमी’च्या जागी ‘वर्ल्ड हिस्टरी’ होतं, ते त्यांनी स्वतःच्या हाताने बदललं. ‘विच’ला हात लावला नाही. संसदेला युद्ध पुकारायला सांगणाऱ्या माणसाचं ‘विच’ खपतं. मी रजेचा तक्ता पाठवते, माझ्या ‘विच’खाली लगेच साप वळवळायला लागतो.

‘हूम’चं प्रकरण वेगळं. गृहस्थांचं त्याच्यावर प्रेम आहे. “हूममध्ये वजन आहे हो,” असं ते ओठांचा चंबू करून सांगतात आणि जिथे वजन हवं तिथे तो ठेवून देतात. ‘द कँडिडेट हूम वी थिंक इज सूटेबल.’ आता यातलं ‘वी थिंक’ क्षणभर झाकून ठेवा. उरलं काय? ‘हूम इज सूटेबल.’ ‘इज’चा कर्ता ‘हूम’ कसा होईल? तिथे साधा ‘हू’च हवा. पण साध्या शब्दात वजन नाही ना!

खरी गंमत तर पुढेच आहे. जिथे स्वल्पविरामावाचून चालतच नाही, तिथला तो हे गृहस्थ काढतात. मी एका पुरवठादाराबद्दल लिहिलं होतं, ‘ही इग्नोर्ड माय मेल, विच अपसेट द डायरेक्टर.’ त्याने माझ्या मेलकडे दुर्लक्ष केलं आणि या प्रकाराने संचालक नाराज झाले. इथे ‘विच’ आधीच्या सगळ्या घटनेला धरून आहे, आणि ते त्या स्वल्पविरामामुळे कळतं. गृहस्थ म्हणाले, वाक्य छोटं आहे, श्वासाची गरज नाही. काढला. आता वाचणाऱ्याला वाटतं, माझ्या मेलनेच संचालक नाराज झाले. पुरवठादार बाजूलाच राहिला, मीच आरोपी.

मला चीड कशाची येते, तर या सगळ्यात व्याकरण कोणी विचारतच नाही. ज्याच्या हाती लाल पेन, तो पंडित. जो खणखणीत आवाजात इंग्रजी वाचून दाखवतो, त्याचं बरोबर. जी हळू आवाजात ‘पण अर्थ बदलतो’ म्हणते, तिला ‘अहो, इतका कीस कशाला पाडता’. कीस पाडायची हौस मलाही नाही. पण मग रात्री साडेनऊला फोन घ्यायला तरी पंडितांनी बसावं. दुसऱ्या दिवशी खुलाशाची सूचना काढावी लागली, तीही मीच लिहिली. गृहस्थांनी ती प्रिंटरपाशी वाचली आणि म्हणाले, “बघा, मूळ सूचनाच नीट लिहिली असती तर?”

म्हणून आता मी उपवाक्यांच्या वाटेलाच जात नाही. तुकडे करते. काल लिहिलं: ‘वी हॅव चेंज्ड द फॉर्म. इट इज नाऊ शॉर्टर.’ दोन वाक्यं, प्रत्येकाला आपापला कर्ता, मध्ये पूर्णविराम. श्वास काय, डुलकी घेण्याइतकी जागा. गृहस्थांनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला, म्हणाले, “मॅडम, हे जरा शाळकरी वाटतंय.” मग माझा पूर्णविराम खोडला, ‘इट’ खोडलं आणि तिथे ‘विच’ लिहिलं. स्वल्पविराम न देता.