तुमच्या एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर, जेंटूवाल्या मशीनबद्दल

नमस्कार, रिव्ह्यू वाचला, दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की जेंटूच्या (हा लिनक्सचाच एक प्रकार) इन्स्टॉलला दोन दिवस लागले, मशीन भट्टीसारखं तापलं, दहा महिन्यांनी एक अपडेट मारला तर सगळंच बंद पडलं, दुसरा कुठलाही लिनक्स अर्ध्या तासात बसतो, आणि शेवटी लिहिलंय की आम्ही मुद्दाम गिऱ्हाईक अडकवून ठेवतो. शेवटचं वाक्य सोडलं तर बाकी सगळं खरं आहे आणि त्यातलं बरंच आमच्यामुळे झालंय, म्हणून इथेच सगळ्यांसमोर लिहितोय.

आधी ते दोन दिवस. जेंटूमध्ये प्रोग्राम सोर्सवरून (मूळ कोडवरून) तुमच्याच मशीनवर कंपाइल होतात, म्हणजे चालण्याजोगे बांधले जातात, त्यामुळे वेळ लागणारच हे आम्ही तुम्हाला सांगितलं होतं, पण दोन दिवस लागायला नको होते. तुमच्या मशीनला १६ थ्रेड (म्हणजे प्रोसेसर एका वेळी १६ कामं घेऊ शकतो) आणि १६ जीबी रॅम. एका वेळी किती कंपाइल चालवायचे ते मेक-कॉन्फ नावाच्या सेटिंग फाइलमध्ये लिहावं लागतं आणि साधा हिशोब असा की प्रत्येकामागे २ जीबी रॅम धरायची, म्हणजे तुमच्याकडे ८. आमच्या माणसाने थ्रेड मोजून १६ टाकले. छोट्या पॅकेजना काही झालं नाही पण रात्री वेब-इंजिनचं मोठं पॅकेज आलं, रॅम संपली, कर्नलने (सिस्टीमच्या गाभ्याने) कंपायलरच मारून टाकला, आणि पोर्टेज, म्हणजे जेंटूचा पॅकेज बसवणारा प्रोग्राम, असं अर्धवट राहिलेलं पॅकेज पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. सकाळी येऊन बघितलं तेव्हा रात्र पूर्ण वाया गेलेली. ही शंभर टक्के आमची चूक आणि त्या वेळी तुम्हाला "थोडा वेळ लागतोय" एवढंच सांगितलं गेलं, ते पण चूकच.

दुसरं, सगळंच कंपाइल करायची गरज नव्हती. डिसेंबर २०२३ पासून जेंटू स्वतःच तयार बायनरी, म्हणजे आधीच कंपाइल केलेली पॅकेजेस देतं, लिबरऑफिस, प्लाझ्मा डेस्कटॉप असली जड जड पॅकेजेस सुद्धा त्यात आहेत. युज फ्लॅग (पॅकेजमधल्या कोणत्या सोयी हव्यात त्या निवडी) जुळले की पोर्टेज ती उतरवून घेतो आणि जिथे जुळत नाहीत तेवढंच कंपाइल करतो. तुमचं इन्स्टॉल जानेवारी २०२४ मधलं, म्हणजे सोय नुकतीच आली होती आणि आम्ही जुन्या सवयीने ती चालूच केली नाही. आता प्रत्येक मशीनवर चालू करून देतो.

आता मशीन बंद पडलं त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण हे वाचणाऱ्या बाकीच्यांना पण उपयोगी पडेल. तुम्ही पाठवलेला स्क्रीनचा फोटो बघितला. झालं असं की इन्स्टॉल केलं तेव्हा जेंटूचं डिफॉल्ट पायथन (ही एक प्रोग्रामिंग भाषा) ३.११ होतं, जून २०२४ मध्ये ते ३.१२ झालं. तुम्ही नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा सिंक करून (पॅकेजची ताजी यादी उतरवून) वर्ल्ड अपडेट, म्हणजे सगळ्या सिस्टीमचा अपडेट लावला तेव्हा पोर्टेजने लांबलचक यादी दाखवली की अमुक पॅकेज ३.११ वर अडकलंय, तमुक ३.१२ मागतंय, आणि पुढे जायला नकार दिला. तुम्ही कुठेतरी वाचून इमर्जला (ही पोर्टेजची कमांड) अनमर्ज, म्हणजे काढून टाक, असं सांगितलं आणि ३.११ काढून टाकलं. पण पोर्टेज स्वतःच पायथनमध्ये लिहिलेला आहे आणि तुमच्याकडे तो ३.११ वरच चालत होता, म्हणजे ज्या फांदीवर बसलो तीच तोडली गेली. अनमर्ज डिपेंडन्सी (कोणतं पॅकेज कशावर अवलंबून आहे ते) तपासत नाही, इशारा देऊन काही सेकंद थांबतो आणि काढून टाकतो. डेपक्लीन ही दुसरी कमांड वापरली असती तर त्याने पायथनला हात लावला नसता कारण तो आधी बघतो की ह्याची कोणाला गरज आहे का.

ह्यात तुम्हाला दोष द्यायचा नाहीये. हा बदल येतोय हे जेंटूने आधीच कळवलं होतं, सिंक केल्यावर ई-सिलेक्ट नावाच्या कमांडच्या न्यूजमध्ये ते वाचता येतं, आणि त्यात सुरक्षित रस्ता पण दिला होता, की काही काळ दोन्ही पायथन चालू ठेवा, सगळं नव्यावर गेलं की जुनं डेपक्लीनने काढा. पण न्यूज वाचायची असते हे तुम्हाला कोणी सांगितलं? आम्ही सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. मशीन हातात दिलं, पासवर्ड दिला, "अपडेट करत रहा" म्हणालो आणि निघालो. असं मशीन म्हणजे झाड लावण्यासारखं आहे, लावून झालं की पाणी कोण घालणार ते ठरवावं लागतं. आठवड्याने नाहीतर पंधरा दिवसांनी अपडेट केला तर एका वेळी चार गोष्टी बदलतात आणि त्या निस्तरता येतात, दहा महिन्यांनी केला तर पायथन, कंपायलर, प्रोफाइल (सिस्टीमची मूळ सेटिंग्ज) सगळं एकदम अंगावर येतं. तुमच्या बाबतीत प्रोफाइल पण बदलायचंय, तुमचं १७.१ आहे आणि मार्च २०२४ मध्ये २३.० आलं, तिथे जाताना बिनयुटिल्स, जीसीसी, जीलिबसी (लिंकर वगैरे साधनं, कंपायलर आणि मूळ सी लायब्ररी) ह्या क्रमाने परत बांधून मग अख्खी सिस्टीम परत बांधावी लागते.

दुसरा लिनक्स अर्ध्या तासात बसतो हे अगदी मान्य. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच लोकांना आम्ही स्वतःच तेच सुचवतो, नुसतं ब्राउझर आणि ऑफिस लागत असेल तर जेंटूच्या मागे लागूच नये. तुम्हाला जेंटू दिलं कारण तुमच्या कामाच्या प्रोग्रामला तुमचा स्वतःचा पॅच (कोडमधला छोटा बदल) लागतो आणि आधीच्या सिस्टीमवर प्रत्येक अपडेटनंतर तो हाताने लावून परत बांधावा लागायचा. इथे पोर्टेजच्या पॅचेस फोल्डरमध्ये तो एकदा ठेवला की दर वेळी कंपाइल होताना आपोआप लागतो. ते दहा महिने नीट चालत होतं हे तुम्हीच फोनवर सांगितलंत, आणि तुमचं काम सोपं झालेलं ऐकून मला मनापासून बरं वाटलं होतं, म्हणूनच रिव्ह्यू वाचून जास्त वाईट वाटलं.

अडकवून ठेवतो हे मात्र खरंच मान्य नाही. आमचं स्वतःचं असं एकही गुपित तुमच्या मशीनवर नाहीये. एटसी नावाच्या फोल्डरमधलं पोर्टेज फोल्डर घ्या, त्यात मेक-कॉन्फ, युज फ्लॅग, तुमचे पॅचेस सगळं आलं, आणि वर्ल्ड नावाची एक साधी टेक्स्ट फाइल घ्या ज्यात फक्त तुम्ही स्वतः मागून घेतलेल्या पॅकेजची नावं असतात. ह्या दोन गोष्टी कॉपी केल्या की जेंटू येणारा कोणीही माणूस तशीच सिस्टीम दुसऱ्या मशीनवर उभी करू शकतो, आमची गरज नाही.

तर आता काय करायचं. मशीन फॉरमॅट मारू नका, तुमचा डेटा आणि कॉन्फिग जसंच्या तसं आहे, फक्त पायथन गेलंय. लाइव्ह यूएसबीवरून बूट करून सीएच-रूट कमांडने तुमच्या सिस्टीमच्या आत जायचं, ३.११ चं बायनरी पॅकेज टार नावाच्या साध्या कमांडने उघडून फाइली जागेवर टाकायच्या, पोर्टेज परत जिवंत होतो. त्यानंतर एका वेळचे कंपाइल १६ वरून ८ करतो, बायनरी पॅकेज चालू करतो, ३.१२ वर नेतो, प्रोफाइल बदलतो, ह्याला एक पूर्ण दिवस लागेल आणि त्याचे पैसे घेणार नाही. ह्या वेळी तुमच्या शेजारी बसून एक अख्खा अपडेट तुमच्याच हाताने करून घेऊ, सिंक, मग न्यूज, मग वर्ल्ड अपडेट, मग डिस्पॅच-कॉन्फ कमांडमध्ये बदललेल्या कॉन्फिग फाइली एकेक बघून, मग डेपक्लीन, आणि यादी मोठी दिसली की पुढे न जाता आम्हाला फोटो पाठवायचा.

आणि हे सगळं ऐकून तुम्हाला जेंटू नकोच वाटलं तर तेही सांगा, दुसरं डिस्ट्रो (लिनक्सचा दुसरा प्रकार) आम्हीच बसवून देतो, डेटा हलवून देतो, पॅच तिथे हाताने कसा लावायचा ते लिहून देतो. स्टार बदला असं म्हणत नाहीये. फक्त येताना तुम्ही पॅचची जी नवी व्हर्जन केली होतीत ना, ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन या, फोल्डरमध्ये अजून जुनीच असावी असं वाटतंय.