एका डब्याचा ठराव

मी निवडून आलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तिकडे कोरेगाव तालुक्यात आमच्या अण्णांचे 'पुतणी विलायतेत निवडून आली' म्हणून पेढे वाटून झालेत. मला कोणीही निवडून दिलेलं नाही. मी सापडले.

झालं असं, की इंग्लंडातल्या या जेमतेम सातशे वस्तीच्या गावात आम्हाला येऊन चार वर्षं झाली होती. एका संध्याकाळी शेजारच्या बाई फाटकापाशी भेटल्या आणि हवापाण्याचं बोलता बोलता म्हणाल्या, "तुम्हाला गावाबद्दल आपुलकी आहे असं दिसतं." मी "हो" म्हणाले. या देशात "हो" म्हणण्याआधी समोरच्याचं पुढचं वाक्य ऐकून घ्यावं, एवढं चार वर्षांत कळायला हवं होतं. पुढच्या महिन्यात मी पॅरिश कौन्सिलची सदस्य होते.

इथला नियम असा, की जागा रिकामी झाली की गावात नोटीस लागते. दहा मतदारांनी मागणी केली तर निवडणूक, नाहीतर उरलेले सदस्य आपल्या पसंतीचा माणूस आत घेतात. आमच्या गावात दहा माणसं एका वेळी फक्त अंत्यविधीला जमतात, त्यामुळे निवडणूक कोणाच्या स्मरणात नाही. माझा पासपोर्ट अजून भारताचा आहे, ही अडचण मी आशेने पुढे केली. क्लार्कबाईंनी गोड हसून सांगितलं, की भारत राष्ट्रकुलात आहे आणि तुम्हाला इथे कायम राहायची परवानगी आहे, तेव्हा काहीच अडचण नाही. राष्ट्रकुलाचा मला आयुष्यात झालेला हा पहिला उपयोग.

अण्णांना फोन केला तर पलीकडे शांतता. मग दबक्या आवाजात प्रश्न आला, "पॅरिश म्हंजी चर्च न्हवं का? पोरी, तू बाटलीबिटलीस काय?"

त्यांचं चुकलं नव्हतं. वसईत, गोव्यात पॅरिश म्हणजे चर्चच. इथेही पूर्वी गावाचा कारभार चर्चच्या सभेतूनच चालायचा. 1894 च्या कायद्याने तो चर्चपासून वेगळा काढला आणि लोकांनी निवडलेल्या मंडळाकडे दिला. नाव मात्र जुनंच राहिलं. मी म्हटलं, "अण्णा, ही ग्रामपंचायत आहे."

"मग तसं सांग की!" अण्णा एकदम खुलले. अण्णा आमच्या गावच्या पंचायतीचे दोन वेळचे सदस्य. तिसऱ्या वेळी वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला, म्हणून काकू निवडून आल्या आणि कारभार अण्णा बघू लागले. त्या पाच वर्षांबद्दलही ते "आम्ही सदस्य असताना" असंच बोलतात. त्यामुळे त्यांचा पुढचा प्रश्न अगदी स्वाभाविक होता : "मग सह्या कोण करणार, जावईबापू?"

जावईबापूंना कौन्सिलची सभा कुठल्या वारी असते हेसुद्धा आजतागायत माहीत नाही. मी घरात नसले की तो मंगळवार, एवढं ते ओळखतात.

सभा भरते व्हिलेज हॉलमध्ये. तिथे हीटर आहे, पण तो लावावा की नाही यावर मतभेद आहेत. दारू विकत असतील अशा जागी सभा घ्यायला कायद्याने मनाई आहे. दुसरी परवडणारी जागाच मिळत नसेल तर गोष्ट वेगळी. आमच्या गावात हॉल आहे, त्यामुळे ती पळवाट बंद. सभा संपल्यावर सगळे समोरच्या पबमध्ये जातात आणि सभेत जे बोलायचं राहिलं ते तिथे बोलतात, त्याला मनाई नाही. आमच्याकडे पंचायतीत तहकूब झालेला विषय मारुतीच्या पारावर निकालात निघतो, त्यातलाच प्रकार.

पहिल्याच सभेत मी माझा विषय काढला. चर्चमागून ओढ्याकडे जाणारी एक पायवाट आहे. गावातले सगळे कुत्रे तिथे मालकांना फिरायला नेतात. मालक सुसंस्कृत आहेत; कुत्र्याने जे काही केलं ते ते छोट्या हिरव्या पिशवीत उचलतात, पिशवीला सुरेख गाठ मारतात आणि मग ती पिशवी कुंपणाच्या झाडाला लटकावून निघून जातात. येताना घेऊन जाऊ, असं मनात असणार. येताना ते दुसऱ्या वाटेने येतात. बाभळीला सुगरणीची घरटी लोंबावीत तशी ती फांदी वर्षभर लगडलेली. मी म्हटलं, तिथे एक डबा ठेवू या.

सगळे माझ्याकडे सहानुभूतीने पाहू लागले. अध्यक्ष, म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक, चष्मा पुसत म्हणाले, "कल्पना उत्तम आहे. पण ती विषयपत्रिकेवर नाही."

इथे विषयपत्रिकेवर नाही त्या विषयावर निर्णय घेताच येत नाही. घेतला तर तो बेकायदा. सभेची नोटीस तीन पूर्ण दिवस आधी लागली पाहिजे. त्यात नोटिशीचा दिवस धरायचा नाही, सभेचा धरायचा नाही आणि रविवारही धरायचा नाही. मी 'ऐन वेळी येणारे विषय' या परंपरेत वाढलेली. आमच्या गावाचा निम्मा विकास आणि सगळी भांडणं अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळीच आलेली आहेत. विषयपत्रिकेवर लिहिलेल्या विषयासाठी आमच्याकडे कोण घरातून बाहेर पडतं?

डबा दुसऱ्या महिन्यात विषयपत्रिकेवर आला. सातव्या क्रमांकावर. सहाव्या क्रमांकावर एकाच्या परसातल्या काचेच्या खोलीचा बांधकाम अर्ज होता. त्यावर आम्ही पन्नास मिनिटं खल करून हरकत नोंदवली. परवानगी देणं आमच्या हातात नसतं, आमच्या हातात फक्त मत देणं असतं. पुढे वरच्यांनी परवानगी दिली. सातव्या विषयाला पोहोचेपर्यंत दहा वाजले, आणि दहा वाजता सभा संपवायचा आमचाच नियम.

तिसऱ्या महिन्यात चर्चा झाली. डबा घेण्याचा अधिकार आम्हाला आहे, हे क्लार्कबाईंनी कायदा काढून दाखवलं. इथल्या गावाला काय काय करता येतं त्याची यादी मोठी मजेशीर आहे : दफनभूमी, बसथांबे, पायवाटेवरचे दिवे, भाजी लावायला भाड्याने द्यायचे जमिनीचे तुकडे, झालंच तर सार्वजनिक घड्याळ. घड्याळासाठी 1957 च्या कायद्यात चक्क कलम आहे. पण खड्डा नाही. खड्ड्याला हात लावायचा नाही.

खरं दुखणं हेच आहे. रस्ता आणि रस्त्याच्या कडेचं गवत काउंटी कौन्सिलचं. कचरा उचलणं डिस्ट्रिक्ट कौन्सिलचं. डबा आमचा, पण तो ज्या गवतात उभा राहणार ते गवत काउंटीचं आणि तो रिकामा करणार डिस्ट्रिक्ट, त्याचे पैसे आमच्याकडून घेऊन. आमच्याकडे पैसे येतात ते गावकऱ्यांच्या घरपट्टीतून. ती गोळा करतं डिस्ट्रिक्ट, आणि बिलावर आमच्या वाट्याची वेगळी ओळ छापलेली असते. ती सगळ्यात लहान रक्कम असते, म्हणून लोकांच्या लक्षात तेवढीच राहते.

हे सगळं मी अण्णांना फार गुंतागुंतीचं आहे अशा थाटात समजावून सांगितलं. ते म्हणाले, "यात काय अवघड? खड्डा झेडपीचा, कचरा पंचायत समितीचा, आन् शिव्या ग्रामपंचायतीला."

स्थानिक स्वराज्य संस्थांवर मी जे काही वाचलं त्यात याच्याइतकी नेमकी मांडणी मला आढळली नाही. शिव्यांसाठी इथे विषयपत्रिकेत रीतसर जागा राखून ठेवलेली असते. सभेच्या सुरुवातीला पंधरा मिनिटं, माणशी तीन मिनिटं, ग्रामस्थांनी बोलायचं. शिव्या अर्थात इंग्रजी वळणाच्या. "मला थोडंसं आश्चर्य वाटलं," असं एखाद्या आजोबांनी म्हटलं की समजायचं, आमच्याकडे याच ठिकाणी खुर्ची भिरकावली गेली असती.

त्या पंधरा मिनिटांत आमच्या डब्याला पाच जणांनी विरोध केला. एका बाईंच्या बेडरूमच्या खिडकीतून तो दिसणार होता. एकाला वास येणार होता. एका गृहस्थांचं म्हणणं, डबा ठेवला तर बाहेरगावचे कुत्रे येतील. एकीला डबा हवा होता, पण हिरवा. लाल नको, कारण गावात लाल रंग टेलिफोनच्या खोक्याचा आहे. (ते खोकं कौन्सिलने टेलिफोन कंपनीकडून एका पौंडाला घेतलेलं. आत आता फोन नाही, हृदयाला झटका देऊन चालू करायचं यंत्र आहे. आमच्या कौन्सिलची ती सर्वोच्च कामगिरी, आणि ती माझ्या आधीची आहे.) पाचवे गृहस्थ शेतकरी. ते म्हणाले, कुत्र्याचं एवढं मनावर घेता, मग घोड्यांच्या लिदीचं काय?

यावर घोडे बाळगणाऱ्या सदस्यबाई ताठ झाल्या. लिदीचा इथे वेगळाच मान आहे. लोक ती पोत्यात भरून फाटकाबाहेर ठेवतात, 'फुकट, घेऊन जा' अशी पाटी लावतात, आणि गुलाबवेडे लोक खरोखरच मोटारीतून घेऊन जातात. वादाची वेळ आली तसं बाईंनी आपला हितसंबंध जाहीर केला आणि नियमाप्रमाणे हॉलबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर पाऊस होता. त्यांचा मुद्दा काय होता ते त्यामुळे शेवटपर्यंत कळलं नाही.

वसंतात वार्षिक सभा आल्या. सभा, अनेकवचन. एक कौन्सिलची वार्षिक सभा, आणि दुसरी गावाची वार्षिक सभा, जी 1 मार्च ते 1 जूनच्या दरम्यान आणि संध्याकाळी सहाच्या आत सुरू न करता घ्यायची. ही दुसरी म्हणजे यांची ग्रामसभा. तिला आम्ही सदस्य, क्लार्कबाई आणि एक जोडपं उपस्थित होतं. जोडपं उत्साहाने चटया घेऊन आलेलं पाहून मला भरून आलं. ते योगाच्या वर्गाला आले होते, त्यांचा वार चुकला होता. पण बसले बिचारे शेवटपर्यंत. उठून जायचं कसं, हे त्यांना सुचेना.

हे ऐकून अण्णांना फार बरं वाटलं. आमच्याकडे ग्रामसभेला शंभर मतदार किंवा पंधरा टक्के, जे कमी असेल ते, एवढी गणपूर्ती लागते, आणि ती न भरल्याने तहकूब झालेली सभा पुन्हा घेतली की गणपूर्ती लागत नाही. "म्हणून आम्ही पयली सभा कधी धरतच न्हवतो," अण्णा म्हणाले.

दरम्यान काउंटीचं पत्र आलं, की गवतात डबा रोवायला परवाना लागेल. परवान्यासाठी नकाशा हवा. नकाशा काढायला भूगोलाचे सर होतेच. त्यांनी तो इतक्या प्रेमाने काढला, ओढा, कुंपण, फांदी, की तो पाहून उत्तर आलं, दाखवलेली जागा आमच्या हद्दीतच नाही. ती चर्चची निघाली. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी चर्चपासून सुटलेला कारभार पुन्हा चर्चच्या दारात हात जोडून उभा. पाद्रीबाई भल्या. त्यांनी लगेच होकार दिला, फक्त त्यांच्याही समितीची सभा तेवढी व्हायची होती.

त्या काळात मी नियमांचं पुस्तक रात्री वाचत असे. सलग सहा महिने सभेला गेलं नाही, आणि रजा मंजूर करून घेतली नाही, तर सदस्यत्व आपोआप जातं, ही ओळ मी पेन्सिलने अधोरेखित केलेली आहे.

बाराव्या महिन्यात फोनवर काकू आल्या. अण्णांच्या हातून फोन घेऊन त्यांनी आधी विचारलं, "जेवलीस का?" आणि मग, "तिथं तू सोता बोलतीस का गं सभेत?"

"दर सभेत बोलते, काकू."

"मी पाच वर्सांत एकदाच बोलले," काकू म्हणाल्या, "आन् वस्तीवर नळ आला. तू बारा म्हैने बोलतीयास, आन् एक डबा येईना?"

मागून अण्णा काहीतरी म्हणत होते. काकूंनी त्यांना गप्प केलं. पुढल्या सभेत मी एकच वाक्य बोलले. म्हटलं, "मी मतदानाची मागणी करते." सदस्य दचकले. इथे मतदान म्हणजे जवळजवळ मारामारी. सगळं 'साधारण सहमती आहे असं वाटतं' यावर चाललेलं. हात वर झाले. चार विरुद्ध शून्य. बाई पुन्हा पावसात.

डबा बसला. हिरवा. मी फोटो पाठवला आणि अर्ध्या तासात चुलतभावाने घरच्या ग्रुपवर फ्लेक्स टाकला : मी हात जोडून, मागे डबा, डब्यामागे लंडनचं घड्याळ, वर 'कार्यसम्राज्ञी' आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत गॉगल लावलेली अठरा पोरं. अण्णांनी विचारलं, उद्घाटन कुणाच्या हस्ते?

त्याच रात्री मला राहवेना. आमच्याकडे कुत्रा नाही, तरी कोट चढवून पायवाटेला गेले. डब्यापाशी आधीच टॉर्चचा उजेड. भूगोलाचे सर. त्यांच्याकडेही कुत्रा नाही.

"सहज आलो होतो," ते म्हणाले.

"मीही."

त्यांनी झाकण उचललं, मी आत उजेड पाडला. डबा स्वच्छ, कोरा, रिकामा. मग त्यांनी सावकाश टॉर्च वर नेला. डब्याच्या बरोबर डोक्यावर, त्याच फांदीला, सुरेख गाठ मारलेली नवी हिरवी पिशवी वाऱ्यावर हलत होती.

मी हात वर केला.

"नको," सर कुजबुजले, "फांदी कुणाच्या हद्दीत आहे ते बघावं लागेल."