एका इन्सर्टने ट्री कॉपी होत नाही

नाशिकच्या डेव्हलपर मंडळींत सध्या एक सल्ला फॉरवर्ड होतोय: 'एकाच टेबलातली पॅरेंट-चाइल्डची ट्री कॉपी करायला एक इन्सर्ट-सिलेक्ट पुरे. फॉरेन की आहेच, चुकलं तर एरर येईल. नाहीच जमलं तर सगळ्या आयडींत मोठा आकडा मिळवा.' कृपा करून हे लाइव्ह डेटावर करू नका. (ट्री म्हणजे असे रो, म्हणजे नोंदी, ज्यांत प्रत्येक रो आपल्या वरच्या रोचा, म्हणजे पॅरेंटचा, आयडी धरून असतो. इन्सर्ट-सिलेक्ट म्हणजे निवडलेले रो एकाच कमांडने पुन्हा घालणं. फॉरेन की म्हणजे तो पॅरेंट टेबलात असलाच पाहिजे ही अट.)

पहिला मुद्दा. अंबडच्या एका कारखान्यात कंट्रोल पॅनेलचं बीओएम (सुट्या भागांची यादी) मी स्वतः असंच कॉपी झालेलं पाहिलंय. समजा पॅनेलचा आयडी ४१, त्याचा दरवाजा ४२ (पॅरेंट ४१), दरवाजाची बिजागरी ४३ (पॅरेंट ४२). कॉपीत ९७, ९८, ९९ तयार झाले, पण ९८चा पॅरेंट ४१च राहिला आणि ९९चा ४२. म्हणजे नवं पॅनेल रिकामं, आणि जुन्याला दोन दरवाजे! स्टोअरने त्या यादीवरून जास्तीचा माल काढला.

फॉरेन की गप्प का बसली? कारण ४१ आणि ४२ टेबलात आहेतच. पॅरेंट अस्तित्वात आहे का, एवढंच ती बघते. तो योग्य आहे का, हे तिला कळत नाही.

मोठा आकडा मिळवण्याची युक्ती एकट्याने, एकदाच चालवली तर चालते, हे मान्य. पण पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आयडी हाताने घातला की सिक्वेन्स (पुढचा आयडी देणारा काउंटर) पुढे सरकत नाही. काही महिन्यांनी सिक्वेन्स त्या आकड्यापाशी पोचतो आणि भलत्याच माणसाच्या साध्या एंट्रीला डुप्लिकेट कीची एरर येते. नावावरून जोड्या लावणंही नको. एका पॅनेलला दोन दरवाजे असले की 'बिजागरी' दोनदा येते.

जुना आयडी आणि नवा आयडी यांची जोडी हाताशी लागतेच. पोस्टग्रेसमध्ये रिकर्सिव्ह सीटीईने (पॅरेंटपासून खाली पायरी-पायरीने जाणाऱ्या क्वेरीने) हवी ती फांदी काढा, प्रत्येक रोसाठी नेक्स्टव्हॅल (सिक्वेन्सचा पुढचा आकडा) घेऊन जोड्या टेम्प (तात्पुरत्या) टेबलात ठेवा, मग पॅरेंट त्या टेबलातून बदलून इन्सर्ट करा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये साध्या इन्सर्टचं आउटपुट सोर्सचा जुना आयडी देत नाही, मर्ज या कमांडचं देतं. मायएसक्यूएलचं इनोडीबी (त्याचं स्टोरेज इंजिन) फॉरेन की रो-रोने तपासतं, तिथे पॅरेंट आधी घाला.

हे सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही, अशा गटात) करा. कमिटआधी (बदल कायम करण्याआधी) कॉपीतला सगळ्यात वरचा रो सोडून असे नवे रो शोधा, ज्यांचा पॅरेंट नव्या आयडींत नाही. एकही सापडला तर रोलबॅक, म्हणजे सगळं मागे घ्या.