हॉलंड, झीलंड आणि आपली वेंगुर्ल्याची वखार : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

वेंगुर्ल्याच्या डच वखारीवरच्या लेखात मी देशाला हॉलंड नव्हे, नेदरलँड्स म्हणा, असं लिहिलं होतं. त्याखाली तुम्ही लिहिलंत, "हॉलंड काय नि नेदरलँड्स काय, उगाच कीस काढता. आमची बोट रॉटरडॅमला लागली की आम्ही घरी ‘हॉलंडला पोचलो’ असंच पत्र टाकायचो. आणि डचांसाठी तुम्ही वापरता तो जुना ‘वलंदेज’ शब्द तरी कुठून आला? हॉलंडवरूनच ना?"

आधी पत्राचं. ते अगदी बरोबर होतं! रॉटरडॅम दक्षिण हॉलंडातच येतं. नेदरलँड्सचे प्रांत १२, त्यांतले उत्तर आणि दक्षिण हॉलंड हे दोनच हॉलंड. १८४० पर्यंत तो एकच प्रांत होता. पण तीच बोट फ्लशिंगला लागली असती तर तुम्ही झीलंड या दुसऱ्याच प्रांतात उतरला असतात, आणि पत्र चुकलं असतं.

झीलंडसाठी मी अडून बसतो, कारण आपल्या वखारीशी त्याचा संबंध आहे. वखार ज्या डच ईस्ट इंडिया कंपनीची, ती १६०२ साली सहा शाखा मिळून उभी राहिली. निम्मा वाटा ॲमस्टरडॅमचा, पण पाव वाटा एकट्या झीलंडचा. वेंगुर्ल्याच्या आधाराने गोव्याच्या पोर्तुगीजांची समुद्रात कोंडी करणाऱ्या या कंपनीत झीलंडचाही पैसा होता. ‘हॉलंडची वखार’ म्हटलं की तो पाव वाटा कुणाच्या खाती धरायचा? तेव्हाच्या सात प्रांतांच्या प्रजासत्ताकाचा निम्म्याहून जास्त खर्च हॉलंड उचलत असे, म्हणून त्याचंच नाव साऱ्या देशाला चिकटलं.

‘वलंदेज’बद्दल तुमचा मुद्दा मला मान्य आहे. तो पोर्तुगिजांच्या तोंडून आला आणि त्याच्या पोटात हॉलंडच आहे. तरी तो मी ठेवणार. मराठीत तो त्या लोकांचं नाव म्हणून रुळला. त्यावरून आज कुणी प्रांत ओळखत नाही. हॉलंड मात्र आजही नकाशावर आहे.

‘इंग्रज’ शब्दाचंही असंच. १७५५ साली हर्णैचा सुवर्णदुर्ग घेणारा कमोडोर विल्यम जेम्स वेल्सचा. मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन आणि त्यांच्यानंतरचे माल्कम, दोघेही स्कॉटलंडचे. आपल्या दप्तरी सगळे इंग्रजच, आणि जुना कागद उतरवताना मी तो शब्द बदलत नाही. पण माणसाचं गाव सांगायची वेळ आली की इंग्लंड लिहून चालत नाही.

तुम्ही वेंगुर्ल्याचे, म्हणून विचारतो. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत कागदोपत्री आपण रत्नागिरी जिल्ह्यातलेच. तेव्हाही मुंबईत कुणी ‘म्हणजे रत्नागिरीचे’ म्हटलं, तर "नाय, मी वेंगुर्ल्याचो" असं तुम्ही सांगितलंच असेल ना?

एक दुरुस्ती मात्र करतो. लेखात मी ‘हॉलंड हे नाव चूक आहे’ असं सरसकट लिहिलं होतं, ते वाक्य काढलं. तिथले लोकही फुटबॉलच्या मैदानात हॉलंडच म्हणतात. आता तिथे ‘देश नेदरलँड्स, हॉलंड त्याचा एक भाग’ एवढंच आहे.

ती जुनी पत्रं घरात असतील तर बंदरांची नावं जरूर कळवा. त्यांत फ्लशिंग निघालं तर मला फार आनंद होईल.