बदला कसा घेतील? आम्हाला विचारा!

परक्या देशाचा एखादा सेनापती टिपला गेला, की सकाळच्या अंबरनाथ फास्टमध्ये आधी बसायला जागा पकडा. 'आता ते काय करणार?' याचं उत्तर उभ्याने देता येत नाही. एका तळहातावर इराण आणि दुसऱ्यावर इस्रायल दाखवायला दोन्ही हात मोकळे लागतात.

मुख्य पथ्य एकच, तारीख देऊ नका. 31 जुलै 2024 ला तेहरानमध्ये हमासचे राजकीय प्रमुख इस्माईल हनिये मारले गेले, तेव्हा डब्यातले एक काका 'आज रात्रीच!' म्हणून बसले. ऑगस्ट कोरडा गेला (पाऊस सोडून). गणपती आले, गेले. काका दरवाजाशी उभे राहून प्रवास करू लागले. शेवटी 1 ऑक्टोबरला, ऐन पितृपक्षात, इराणने इस्रायलवर 180च्या आसपास क्षेपणास्त्रं सोडली आणि चारच दिवसांपूर्वी बैरुतमध्ये मारल्या गेलेल्या, इराणच्या मर्जीतल्या हिजबुल्लाचे प्रमुख हसन नसरल्लांचा हिशेबही त्यातच उरकला. काकांना खिडकी परत मिळाली.

तेव्हा फक्त म्हणा, 'उत्तर देणार, पण योग्य वेळी.' इराणचं सरकार हेच म्हणतं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीही लिफ्टबद्दल हेच म्हणतात.

'ते जपून मारतात हो,' असं म्हणायचं असेल तर दाखला तयार आहे. 3 जानेवारी 2020 ला अमेरिकेने बगदाद विमानतळाजवळ इराणचे सेनानी कासिम सुलेमानींना मारलं. पाच दिवसांनी इराणने इराकमधल्या, अमेरिकी सैनिक असलेल्या ऐन अल-असद तळावर क्षेपणास्त्रं टाकली, तीही इराकला आधी कळवून. अमेरिकेचा एकही सैनिक दगावला नाही. शंभरहून अधिक सैनिकांच्या मेंदूला इजा झाली, पण ट्रम्प तिला डोकेदुखी म्हणाले, तुम्हीही म्हणा.

माहिती कमी पडली तर इराण्याच्या हॉटेलात जा, ब्रून मस्का मागवा आणि गल्ल्यावरच्या शेठना विचारा, 'तुमचे लोक काय करणार?' त्यांचे आजोबा यझदहून आले, म्हणजे तेहरानमधलं आतलं त्यांना कळणारच. ते 'ब्रून संपला' म्हणाले, तर तो सांकेतिक निरोप समजा.

'आपला काय संबंध?' म्हणणाराही भेटेल. एप्रिल 2024 मध्ये दमास्कसच्या इराणी वकिलातीच्या आवारात इस्रायलच्या हल्ल्यात इराणी सेनाधिकारी मारले गेले. 13 तारखेला इराणी कमांडो हेलिकॉप्टरमधून दोराने इस्रायलशी संबंधित 'एमएससी एरीज' जहाजावर उतरले आणि ते ताब्यात घेतलं. जहाज आपल्या न्हावाशेव्याला निघालेलं, खलाशांत 17 भारतीय. हा बदला एकाही डब्यात वर्तवला गेला नव्हता. तरी 'मी म्हटलंच होतं' म्हणून टाका, कोण तपासतंय?

एक विषय मात्र काढू नका. 2020 मध्ये ऐन अल-असदवर क्षेपणास्त्रं पडली त्याच पहाटे अमेरिकेच्या उलट हल्ल्याच्या धास्तीत असलेल्या इराणी तुकडीने तेहरानहून उडालेलं युक्रेनचं प्रवासी विमान पाडलं. 176 माणसं गेली, त्यातली बरीचशी इराणीच. हे कुणाच्याच अंदाजात बसत नाही, गप्पांची मजा जाते. कुणी काढलाच, तर दादर येऊ द्या. उतरणाऱ्यांच्या रेट्यात विषय आपोआप बदलतो.