प्रश्न आधी विचारा, व्हिडिओ मग दाखवा

बल, वस्तुमान आणि त्वरण शिकवणारे बहुतेक ‘इंटरॲक्टिव्ह’ व्हिडिओ सगळे स्पष्टीकरण संपल्यावर चार पर्यायांचा एक प्रश्न विचारतात, आणि नुकतेच कानावर पडलेले वाक्य ओळखता आले की विद्यार्थ्याला हिरवी खूण मिळते. माझ्या मते प्रश्नाची ही जागाच चुकीची आहे. तो घटना दिसण्यापूर्वी यायला हवा.

ढकलणे थांबवले की वस्तू थांबते, हा अनुभव घर्षणामुळे प्रत्येकाच्या गाठीशी असतो, आणि त्यातून वेग टिकवायला बल लागतेच अशी समजूत शाळेत येण्यापूर्वीच पक्की होते. सूत्र तोंडपाठ झाल्याने ती जात नाही. सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना व्हिडिओ थांबवून त्या क्षणीचे त्वरण विचारले, तर सूत्र अचूक लिहिणारे अनेक जण शून्य असे उत्तर देतात. शून्य असतो तो वेग, त्वरण मात्र खालच्या दिशेने ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके कायम असते.

सिडनी विद्यापीठात २००८ साली पूर्ण केलेल्या पीएचडी संशोधनात डेरेक म्युलर यांनी दाखवून दिले की, निव्वळ सुबोध स्पष्टीकरणाचे व्हिडिओ विद्यार्थ्यांना सोपे वाटतात पण त्यांच्या आकलनात फारशी भर घालत नाहीत, तर चुकीच्या समजुती मांडून मग त्या खोडून काढणारे व्हिडिओ गोंधळात टाकणारे वाटूनही अधिक शिकवून जातात. पाठाखालच्या ‘खूप सोपे करून सांगितले’ या प्रतिक्रियांवर म्हणूनच माझा फारसा विश्वास नाही.

चांगल्या पाठात मला पुढील प्रकार पाहायला आवडेल. २ किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी ४ न्यूटन इतक्या स्थिर बलाने ओढली जाणार आहे. तिचा वेग स्थिर राहील की वाढत जाईल, हे विद्यार्थ्याने नोंदवल्याशिवाय चित्रफीत पुढे सरकू नये. त्यानंतर त्याने स्वतः दर अर्ध्या सेकंदाला, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेमच्या चित्रीकरणात दर पंधराव्या फ्रेमला, गाडीची जागा पट्टीवर मोजावी. घर्षण नसेल तर प्रत्येक अर्ध्या सेकंदात कापलेली अंतरे २५, ७५ आणि १२५ सेंटिमीटर अशी वाढत जातात, आणि त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. वस्तुमान दुप्पट केल्यावर काय होईल, हे तो मग बहुधा आपणच सांगेल.

वस्तुमानासाठी स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकातील चित्रण वापरण्यासारखे आहे. १९७३ मध्ये तेथे वजनकाटा निरुपयोगी असल्याने अंतराळवीराला स्प्रिंगच्या आसनावर बसवून दोलनाच्या कालावधीवरून त्याचे वस्तुमान काढत असत.

सिम्युलेशनमध्ये घर्षण एका बटणाने शून्य करता येते, आणि त्याचा उपयोगही आहे. पण गाडीचे चित्रण खरेच असावे, असा माझा आग्रह आहे. खऱ्या चित्रणात त्वरण २ ऐवजी, समजा, १.८ येते, आणि उरलेले ०.४ न्यूटन गेले कुठे हे शोधताना निव्वळ (सर्व बलांचे मिळून उरणारे) बल म्हणजे काय, हा प्रश्न विद्यार्थी स्वतःच विचारू लागतो.