‘पैसे खात्यात टाका, इंजिनिअर कशाला?’

कोकणात वादळाचा इशारा आला की एक मेसेज हमखास फिरू लागतो. ‘अमेरिकेत कॅटरिना वादळानंतर सरकारने थेट पैसे वाटले. ना पंचनामा, ना इंजिनिअर. लोकांनी आपापली घरं बांधली. तांत्रिक मदत म्हणजे नुसतं दलालांचं कुरण.’

‘थेट पैसे वाटले’ हे अर्धंच खरं. कॅटरिना आलं 29 ऑगस्ट 2005 ला. लुइझियाना राज्याच्या ‘रोड होम’ योजनेतून पुढे सुमारे 1,30,000 घरमालकांना साधारण 900 कोटी डॉलर मिळाले. पण अर्ज, मालकीचे कागद, नुकसानीचा अंदाज हे सगळं होतंच, वर विम्याचे पैसे वजा. 2006 संपलं तेव्हा रक्कम हाती पडलेले मोजकेच होते. आजोबांच्या नावावरच राहिलेलं घर आणि वारस डझनभर, ही अडचण तिथेही होती. सामायिक सातबाऱ्यावर भांडलेल्याला वेगळं सांगायला नको.

आता ‘ना इंजिनिअर’. 2007 मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने हरकत घेतली आणि टप्प्याटप्प्याने पैसे देणं थांबलं. रक्कम एकदम देऊन टाकायची असं ठरलं. मेसेजला हवं होतं तेच! त्याच योजनेत घर पुराच्या पातळीच्या वर उचलायला 30,000 डॉलरपर्यंत वेगळे मिळत. जॅक लावून अख्खं घर उचलायचं आणि खांबांवर बसवायचं, हे काय गवंड्याला हाक मारून होणारं काम आहे? जमिनीलगतच्या काँक्रीटवर बसलेलं घर असेल तर तेवढ्यात भागतही नाही. आधीच दुरुस्तीला पैसे कमी पडलेले, म्हणून अनेकांनी हे पैसे भिंती-छपरात घातले. आपल्याला तसं चालेल असं योजनेच्याच माणसांनी सांगितलं, असं कित्येकांचं म्हणणं होतं. 2013 च्या सरकारी तपासणीत निघालं की 24,000 च्या आसपास मालकांनी घर उचलल्याचा पुरावा नाही. रक्कम जवळपास 70 कोटी डॉलर. मग राज्याने वसुलीसाठी साडेतीन हजारांच्या घरात लोकांवर दावे लावले. आधीच वादळाने धुतलेली माणसं ती. ही वसुली थांबली 2023 मध्ये.

‘लोकांनी आपापली बांधली’ याबद्दल एवढंच, की अनुदान धरलं जायचं वादळाआधीची किंमत किंवा दुरुस्तीचा खर्च, यातलं कमी असेल त्यावर. कृष्णवर्णीय वस्त्यांत घरांचे भाव मुळात पाडलेले, सिमेंट-लाकूड मात्र सगळ्यांना त्याच दराने. यावरचा खटला 2011 मध्ये तडजोडीने मिटला.

राहिलं दलालांचं कुरण. इथे मी मेसेजवाल्यांच्या बाजूने. योजना चालवायला आयसीएफ या कंपनीला 75 कोटी डॉलरहून मोठं कंत्राट दिलं, त्यावर झालेली ओरड रास्तच होती. पण तो पैसा मुख्यतः अर्ज तपासून रक्कम ठरवण्यावर गेला. घर किती फूट उचलायचं, ठेकेदाराचं बिल फुगवलेलं आहे का, हे मालकाच्या शेजारी उभं राहून सांगणं हे त्या कंत्राटाचं मुख्य काम नव्हतं. फाईल अडवणारा आणि पाया बघणारा, दोघांना एकाच तागडीत तोलायचं कसं?

2016 च्या महापुरानंतर याच लुइझियानाने नवी योजना आखली. ठेकेदार सरकारी यादीतला घ्या नाहीतर आपला आणा, काम तपासल्याशिवाय पुढचे पैसे नाहीत.